गुरुत्वाकर्षणाशी वैर

रॉजर बॅबसन हा अमेरिकन गृहस्थ शेअर बाजाराचे अंदाज बांधून श्रीमंत झाला. सप्टेंबर १९२९ मध्ये त्याने जाहीर भाषणात सांगितलं की बाजार आज ना उद्या कोसळणार. पुढच्याच महिन्यात तो कोसळला आणि बॅबसनच्या शब्दाला वजन आलं. न्यूटनवर त्याची अपार भक्ती होती. प्रत्येक क्रियेला प्रतिक्रिया असते हा न्यूटनचा नियम आपण बाजाराला लावला आणि त्यावरच पैसा कमावला, असं तो सांगे. न्यूटनच्या लंडनमधल्या शेवटच्या घराची बैठकीची खोली बॅबसन पतिपत्नींनी भिंतींच्या लाकडी फळ्यांसकट विकत घेतली, जहाजाने अमेरिकेत आणली आणि स्वतः काढलेल्या कॉलेजात पुन्हा उभी केली.

याच माणसाने १९४८ मध्ये एक निबंध छापला आणि त्यात गुरुत्वाकर्षणाला माणसाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. त्यामागे घरातलं दुःख होतं. बॅबसन लहान असताना त्याची मोठी बहीण नदीत बुडाली. पुढे १९४७ मध्ये नातूही बुडून गेला. बॅबसनच्या मते या दोघांना गुरुत्वाकर्षणाने तळाशी ओढून नेलं. विमानं पडतात ती त्याच्यामुळे, म्हातारी माणसं पडून हाडं मोडतात तीही त्याच्यामुळेच. मग विजेला रबराचं वेष्टण असतं तसं गुरुत्वाला अडवणारं काही का नसावं? ते शोधण्यासाठी त्याने न्यू हॅम्पशायरमधल्या न्यू बॉस्टन या गावात एक प्रतिष्ठान काढलं. अणुबॉम्ब पडलाच तर मोठ्या शहरापासून लांब असावं, हा गाव निवडण्यामागचा हिशेब. दरवर्षी उत्तम निबंधाला १,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. पुढे त्याने अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना देणग्या दिल्या आणि सोबत आवारात उभा करायला एकेक कोरीव दगडही दिला. गुरुत्व अडवणारा पदार्थ सापडेल तेव्हा मानवजातीचं केवढं भलं होईल, याची आठवण विद्यार्थ्यांना राहावी म्हणून हे दगड. टफ्ट्स विद्यापीठातला दगड अजून जागेवर आहे. विश्वरचनाशास्त्रात पीएचडी मिळवणारा तिथला विद्यार्थी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसतो आणि मार्गदर्शक त्याच्या डोक्यावर एक सफरचंद सोडतात.

बॅबसनला हसणं सोपं आहे. पण त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. प्रकाश भिंतीने अडतो, आवाज गादीने अडतो, चुंबकाचा प्रभाव लोखंडी डबीने बराचसा अडतो. गुरुत्वच का अडू नये? १९५३ मध्ये बक्षिसाला निबंध पाठवणाऱ्या ब्राइस डीविट या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने स्वच्छ लिहिलं की असा पदार्थ शोधत बसणं व्यर्थ आहे, त्याआधी गुरुत्वाकर्षण म्हणजे काय याचा पाया अभ्यासा. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. त्यानंतर स्पर्धेचा रंगच पालटला. १९७१ मध्ये पहिलं बक्षीस घेणाऱ्याचं नाव स्टीफन हॉकिंग होतं.

बहिणीच्या बाबतीत मात्र बॅबसनच्या तर्कात एक भोक होतं. बुडणाऱ्याला खाली ओढतं ते गुरुत्व हे खरं, पण त्याला वर ढकलणारं पाण्याचं उत्प्लावक बलही गुरुत्वातूनच येतं. खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार असतो म्हणून खाली दाब जास्त, आणि दाबातल्या त्या फरकावर आपण तरंगतो. गुरुत्व काढून घेतलंत तर बुडणं जाईल, पण पोहणंही जाईल. नदीही राहणार नाही.

आता हे बळ आहे तरी केवढं? न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा नियम मांडला: विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, ओढ दोघांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. इथे आपल्याकडे कोणीतरी भास्कराचार्यांचं नाव काढतोच. ११५० च्या सुमाराच्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वी स्वतःच्या शक्तीने जड वस्तू ओढून घेते असं म्हटलेलं आहे, आणि ते म्हणणारा माणूस थोर गणिती होता यात शंका नाही. पण पृथ्वी ओढते हे म्हणणं वेगळं. चंद्राला फिरवणारी आणि फळाला पाडणारी ओढ एकच आहे, ती सफरचंदाकडूनही पृथ्वीवर तितकीच असते, आणि अंतर दुप्पट केलं की ती चौथाई होते हे आकड्यांत सिद्ध करणं वेगळं. भास्कराचार्यांचा मोठेपणा त्यांच्या स्वतःच्या गणितात भरपूर आहे, त्यासाठी न्यूटनचं उधार घ्यायची गरज नाही.

न्यूटनच्या नियमाचा अर्थ असा की तुम्हीही ओढता. शेजारी बसलेल्या माणसाला, समोरच्या भिंतीला, आकाशातल्या शुक्राला. ६० किलोची दोन माणसं १ मीटर अंतरावर उभी केली तर त्यांच्यातली ओढ सुमारे २५ मायक्रोग्रॅम वजनाइतकी भरते. पाव मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण तेवढा असतो. माणसाला गुरुत्वावर प्रभाव टाकता येतो का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं: येतो, नुसतं उभं राहून. प्रश्न फक्त तो मोजायचा कसा एवढाच.

तो मोजला हेन्री कॅव्हेंडिशने, १७९७-९८ मध्ये, लंडनजवळ क्लॅपहॅम इथल्या आपल्या घरी. कॅव्हेंडिश अफाट श्रीमंत आणि त्याहून अफाट बुजरा. घरातल्या नोकरांशीही तो चिठ्ठ्यांवरून बोले. उपकरणाची कल्पना जॉन मिचेल या धर्मगुरूची. तो १७९३ मध्ये वारला आणि ते कॅव्हेंडिशकडे आलं. रचना साधी होती. सुमारे ६ फूट लांबीची लाकडी दांडी एका बारीक तारेने आडवी टांगलेली. दोन्ही टोकांना शिशाचा एकेक लहान गोळा, पाऊण किलोच्या आसपासचा. त्यांच्याजवळ शिशाचे दोन मोठे गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. मोठ्याने लहानाला ओढलं की दांडी किंचित फिरणार आणि तारेला पीळ पडणार. तारेला तेवढा पीळ घालायला किती बळ लागतं हे दांडीच्या झोक्यांच्या कालावधीवरून काढता येतं, म्हणजे ओढ किती तेही कळतं.

खरी कसोटी होती ती आजूबाजूच्या गडबडीची. मोजायची ओढ लहान गोळ्याच्या स्वतःच्या वजनाच्या ५ कोटीव्या भागाइतकी. खोलीत माणूस शिरला की त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते, आणि हवेची ती झुळूक शिशाच्या ओढीला सहज गिळून टाकते. म्हणून कॅव्हेंडिशने दांडी महोगनीच्या पेटीत बंद केली, पेटी बंद खोलीत ठेवली आणि स्वतः खोलीबाहेर थांबला. भिंतीत बसवलेल्या दुर्बिणींतून तो दांडीच्या टोकाजवळची मोजपट्टी बघे, त्यावर पडणारा उजेडही बाहेरच्या दिव्याचा असे. मोठे गोळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला न्यायचे तेही बाहेरूनच, दोर आणि कप्प्या वापरून. हे सगळं करून, शिशाची ओढ पृथ्वीच्या ओढीशी ताडून, त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचं छापलं. आज आपण ५.५१ मानतो. घरातल्या एका खोलीत, दुर्बिणीला डोळा लावून, एका माणसाने पृथ्वीचं वजन केलं आणि चूक एका टक्क्याच्याही आत राहिली. भौतिकशास्त्रातले याहून गाजलेले प्रयोग पुष्कळ असतील, याच्याइतका नेटका मला दुसरा आठवत नाही.

न्यूटनच्या नियमातला गुरुत्वाचा स्थिरांक मोजण्याच्या कामात सव्वादोनशे वर्षांत त्या मानाने फारशी प्रगती नाही. बाकीचे मूलभूत स्थिरांक नऊ-दहा अंकांपर्यंत नेमके माहीत असताना हा मात्र चार अंकांच्या पुढे डळमळतो. कारण तेच, बळ अतिशय क्षीण आहे. केसांवर घासलेला कंगवा कागदाचा कपटा उचलतो तेव्हा अख्खी पृथ्वी तो कपटा खाली ओढत असते, आणि तरी कंगवा जिंकतो. दोन प्रोटॉनांमधली विद्युत ढकलाढकल त्यांच्यातल्या गुरुत्वाहून १ वर ३६ शून्यं इतक्या पटींनी मोठी असते.

एवढं क्षीण बळ विश्वावर राज्य का करतं, याचं उत्तर आणि बॅबसनच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. विद्युतभार दोन प्रकारचे असतात, धन आणि ऋण. ते एकमेकांना खोडून काढतात, म्हणून पृथ्वीएवढा गोळा विजेच्या दृष्टीने जवळपास शून्य असतो. धातूच्या पेटीत विजेचा प्रभाव शिरत नाही तोही यामुळेच: धातूतले इलेक्ट्रॉन सरकतात आणि बाहेरच्या प्रभावाला बरोब्बर विरोधी प्रभाव उभा करतात. वस्तुमान मात्र एकाच प्रकारचं. ऋण वस्तुमान कोणालाही सापडलेलं नाही. गुरुत्व अडवायला मध्ये काहीही ठेवा, शिसं, सोनं, पारा, ती वस्तू स्वतःची ओढ वर मिळवते, वजा काहीच करत नाही. १९२० च्या सुमाराला इटलीत क्विरिनो मायोराना या शास्त्रज्ञाने शिशाचा गोळा पाऱ्याने वेढून त्याचं वजन एक अब्जांश भागाने घटल्याचा दावा केला होता. हेन्री नॉरिस रसेल या खगोलशास्त्रज्ञाने लगेच दाखवून दिलं की हे खरं असतं तर पृथ्वीच्या जाडीतून सूर्याची ओढ कमी झाली असती आणि समुद्राची भरती-ओहोटी आपण पाहतो तशी राहिलीच नसती.

गुरुत्व अडवणारा पत्रा खरंच सापडला तर काय होईल याचा एक जुना विचारप्रयोग आहे. पत्रा जमिनीवर अंथरा आणि त्यावर एक जड चाक असं उभं करा की त्याची एकच बाजू पत्र्यावर येईल. त्या बाजूला वजन नाही, दुसऱ्या बाजूला आहे. जड बाजू खाली जाईल, हलकी वर येईल, वर आलेली पलीकडे जाऊन जड होईल, आणि चाक फिरत राहील. इंधन नको, बिल नको. ऊर्जा शून्यातून निघत नाही हे मान्य असेल तर असा फुकटचा पत्राही नाही हे मान्य करावं लागतं. एच. जी. वेल्सने १९०१ च्या कादंबरीत असा पदार्थ कल्पून माणसं चंद्रावर पाठवली. कादंबरीत ते चालतं.

१९९० च्या दशकात फिनलंडमध्ये येव्हगेनी पोडक्लेटनोव्ह या रशियन संशोधकाने फिरत्या अतिवाहक चकतीवर टांगलेल्या वस्तूंचं वजन घटतं असं जाहीर केलं. जगभर खळबळ माजली, नासानेही पडताळून पाहिलं, पण तो परिणाम दुसऱ्या कोणाला मिळाला नाही. नेदरलँड्समध्ये १९९७ मध्ये आंद्रे गाइमने जिवंत बेडूक हवेत तरंगवला, तो मात्र खरा. पण त्यात गुरुत्वाला कोणी धक्काही लावलेला नव्हता. १६ टेस्लाच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात बेडकाच्या अंगातलं पाणी किंचित दूर ढकललं जातं, आणि त्या ढकलण्याने वजन तोलून धरलं. अंतराळस्थानकातही गुरुत्व नाहीसं झालेलं नसतं. तिथे, ४०० किलोमीटर उंचीवर, ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात कारण ते आणि त्यांचं स्थानक दोघंही सतत पडत असतात. राहता राहिलं प्रतिद्रव्य. नेहमीच्या द्रव्याचं हे उलटं रूप कदाचित वर पडत असेल, अशी आशा काहींना होती. २०२३ मध्ये सर्नच्या प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे अणू सोडून पाहिले. ते खालीच पडले.

आइनस्टाइनने १९१५ मध्ये सगळ्या चित्राचीच मांडणी बदलली आणि गुरुत्व अडवण्याची आशा आणखी पातळ झाली. त्याच्या सिद्धांतात गुरुत्व हे दोन वस्तूंमधलं बळ नसतंच. वस्तुमान आणि ऊर्जा भोवतालचं अवकाश आणि काळ वाकवतात, आणि पडणारी वस्तू त्या वाकलेल्या रचनेत शक्य तितक्या सरळ वाटेने जात असते. हे समजावताना ताणलेल्या चादरीवर ठेवलेला जड गोळा दाखवण्याची रीत पडली आहे. मला ती पसंत नाही, कारण चादर खाली दबते ती गुरुत्वामुळेच, म्हणजे ज्याचं स्पष्टीकरण द्यायचं तेच त्यात गृहीत धरलेलं असतं. शिवाय महत्त्वाची बाजू काळाची आहे. जड वस्तूजवळ घड्याळ हळू चालतं. २०१० मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचललं, तर ते खालच्यापेक्षा जलद चालताना आढळलं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं उंचीमुळे पुढे जातात आणि वेगामुळे मागे पडतात. हिशेब मिटवला की ती रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात मोबाइलचा नकाशा सुमारे १० किलोमीटरने चुकेल. वाकलेला काळ ही दोघांमध्ये धावणारी वस्तू नव्हे की वाटेत गाठून अडवावी.

म्हणजे गुरुत्वाचं बटण नाही, झाकण नाही. हाती एकच उपाय उरतो: वस्तुमान इकडचं तिकडे करा. पण ६० किलोचा माणूस २५ मायक्रोग्रॅमची ओढ लावत असेल तर कितीसं इकडचं तिकडे करणार?

त्याआधी हे लक्षात घ्यायला हवं की पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नाहीच. ध्रुवांवर ती विषुववृत्तापेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त असते. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तू किती जोराने दाबते ते मोजतो, म्हणून मुंबईत जुळवलेला काटा तसाच उचलून दिल्लीला नेला तर १०० ग्रॅम सोनं सुमारे ६० मिलिग्रॅमने जास्त दाखवेल. असे काटे जिथे वापरायचे तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावे लागतात. सराफाच्या जुन्या तराजूला हा त्रास नव्हता, कारण दोन्ही पारड्यांची ओढ बरोबरच बदलते.

ओढीची दिशाही बदलते, आणि हे कळलं ते भारताच्या मोजणीत. एकोणिसाव्या शतकात सर्व्हेवाले कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत त्रिकोण जोडत गेले. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर त्यांनी दोन रीतींनी काढलं: एकदा जमीन मोजून, एकदा ताऱ्यांवरून. सुमारे ६०० किलोमीटरच्या अंतरात दोन्ही उत्तरं ५.२३६ कोनीय सेकंदांनी, म्हणजे दीडशे मीटरहून थोडी जास्त, वेगळी आली. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना 'खाली' कुठे हे ओळंबा सांगतो, आणि हिमालयाजवळचा ओळंबा हिमालयाकडे झुकत होता. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाचं वस्तुमान धरून झुकाव किती असायला हवा ते मांडलं, तर उत्तर आलं १५.८८५ सेकंद, प्रत्यक्षाच्या तिप्पट. हिमालय दिसतो तितका ओढत नव्हता. त्याच वर्षी जॉर्ज एअरीने सुचवलं की पर्वतांना खाली मुळं असतात, भोवतालच्या खोल खडकापेक्षा हलक्या खडकाची, त्यामुळे वरच्या डोंगराचं वस्तुमान खाली वळतं होतं. गवंडी ज्या साधनाने भिंत सरळ करतो त्याच्या झुकावातून जमिनीच्या पोटात काय आहे ते बाहेर आलं. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर समुद्राचा पृष्ठभागच सरासरीपेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली आहे. तिथून जाणाऱ्या जहाजाला उतार मुळीच जाणवत नाही, कारण पाण्याची पातळी आणि 'खाली' ही दिशा तिथे एकाच ओढीने ठरलेली असते.

ओळंब्याच्या जागी आता उपग्रह आहेत. मार्च २००२ मध्ये नासा आणि जर्मनीने ग्रेस नावाची जोडी सोडली. टॉम आणि जेरी हे तिचं लाडाचं नाव. दोघं एकाच कक्षेत, साधारण ५०० किलोमीटर उंचीवर, एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे पुढचा आधी ओढला जातो आणि अंतर वाढतं. पुढचा पार झाला आणि मागचा त्या जागी आला की अंतर घटतं. सूक्ष्मलहरींनी हे अंतर काही मायक्रोमीटरपर्यंत मोजलं जाई. महिन्याभराच्या फेऱ्या एकत्र केल्या की पृथ्वीच्या ओढीचा एक नकाशा तयार होतो. पुढच्या महिन्यात दुसरा. डोंगर महिन्यात हलत नाहीत. दोन नकाशांमध्ये फरक पडला तर तो बहुतेक पाण्याचा: पाऊस, बर्फ, आणि जमिनीखालचं पाणी.

२००९ मध्ये मॅथ्यू रॉडेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राजस्थान, पंजाब आणि हरियाणावरचे नकाशे तपासले. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तिथली ओढ सतत कमी होत गेली होती. त्या वर्षांत तिथे दुष्काळ नव्हता. मातीतला ओलावा आणि इतर फेरफार वजा केल्यावर उरलं ते भूजल: १०९ घन किलोमीटर नाहीसं झालेलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर सुमारे ३,८५० टीएमसी. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे भरलेल्या सुमारे ३७ कोयना. गहू आणि भातासाठी कूपनलिकांनी ते पाणी वर काढलं. त्यातलं बरंच वाफ होऊन उडालं, काही नद्यांतून वाहून गेलं आणि शेवटी समुद्राला मिळालं.

बॅबसनचे डॉलर आणि त्याचे कोरीव दगड जे करू शकले नाहीत ते शेतातल्या मोटारींनी केलं. लाखो पंपांनी, कोणी ठरवलेलं नसताना, भारताच्या एका मोठ्या भागातली पृथ्वीची ओढ कमी केली, आणि ती ५०० किलोमीटर वरून कळली. किती कमी? त्या सहा वर्षांत गेलेलं पाणी सगळ्या प्रदेशावर पसरलं तर सुमारे पाव मीटरचा थर होतो. एवढ्या थराची ओढ गेल्याने तिथल्या ६० किलोच्या माणसाचं वजन हिशेबाने अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास घटलं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात विहिरी कोरड्या पडतात तेव्हा उपग्रहाला इतकं ठळक दिसत नाही. कातळाच्या भेगांत पाणी मुळात थोडं मावतं, पंजाबच्या गाळाच्या जमिनीत अफाट. त्यामुळे उपशाने माणसाचे हाल इथेही तितकेच होतात, पण वस्तुमान तितकं हलत नाही.

पाणी एका जागेचं दुसऱ्या जागी गेलं की पृथ्वीच्या फिरण्यावरही परिणाम होतो. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणात ४० घन किलोमीटर पाणी साठलं तर दिवस ०.०६ मायक्रोसेकंदाने लांबेल, असा हिशेब नासाच्या बेंजामिन चाओ यांनी मांडला होता. भूजलाचा हिशेब याहून मोठा निघाला. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या की-वॉन सेओ यांच्या चमूने २०२३ मध्ये दाखवलं की १९९३ ते २०१० दरम्यान जगभर उपसलेल्या २,१५० अब्ज टन भूजलामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा ध्रुव पूर्वेकडे सुमारे ८० सेंटिमीटर सरकला. उपशाचा मोठा वाटा दोन ठिकाणचा होता: उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि वायव्य भारत.

जाणूनबुजून गुरुत्व वापरण्याची एक योजनाही आहे, अजून कागदावरच. एडवर्ड लू आणि स्टॅन्ली लव्ह या दोन अंतराळवीरांनी २००५ मध्ये ती मांडली. एखादा लघुग्रह पृथ्वीवर आदळणार असं वीसेक वर्षं आधी कळलं तर २० टनांचं यान त्याच्याजवळ नेऊन नुसतं थांबवून ठेवायचं. लघुग्रहाला दोर नाही, धक्का नाही. यान आपल्या इंजिनांनी अंतर राखत राहील आणि त्याची इवलीशी ओढ २०० मीटरच्या लघुग्रहाला वर्षभरात इतकं हलवेल की तो पृथ्वीला चुकेल. कॅव्हेंडिशचे शिशाचे गोळेच हे, फक्त अवकाशात नेलेले.

आणि जिथे ही ओढ नकोशी होते अशी एक जागा महाराष्ट्रात उभी राहायची आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात आणि टोकांना काचेच्या धाग्यांनी टांगलेले ४० किलोचे आरसे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी दूरच्या दोन कृष्णविवरांच्या विलीन होण्याने उठलेली लहर प्रथम पकडली. आरसे हलले ते प्रोटॉनच्या व्यासाच्याही अगदी लहान अंशाने.

एवढी नाजूक मोजणी करायची तर जमिनीची कंपनं थोपवावी लागतात, आणि ती टांगण्यांच्या अनेक थरांनी थोपवता येतात. पण जमिनीतून कंपन जाताना माती क्षणभर दाबली जाते, सैल होते, तिची घनता बदलते आणि तिची आरशावरची ओढही बदलते. ही ओढ टांगणीतून येत नाही, थेट आरशावर येते, आणि तिला अडवणारं काही नाही हे आपण पाहिलंच. वरून जाणारी दाट हवाही तेच करते. आजच्या वेधशाळांना हा त्रास अजून मर्यादा घालत नाही, पुढच्या पिढीच्या जास्त संवेदनशील वेधशाळांना तो घालणार. त्यावर दोनच तोडगे निघाले आहेत. एक म्हणजे जमिनीखाली खोल जाणं, कारण तिथे कंपनं कमी असतात. जपानची काग्रा वेधशाळा म्हणूनच डोंगराच्या पोटात आहे. दुसरा म्हणजे आरशांभोवतीच्या जमिनीत कंपनमापक पेरायचे, जमीन कशी हलली ते क्षणोक्षणी टिपायचं, त्यावरून तिची ओढ किती बदलली ते काढायचं आणि मोजणीतून तेवढी वजा करायची.